ऊंघ पूरी थई के?

२०१४ साली डहाणूच्या शाळेत मराठी शिकवायला रुजू झालो आणि पहिल्याच तासाला चुरी बाईंनी माझ्या हातातलं डस्टर काढून घेतलं. शेवटच्या बाकावर एक दांडगा मुलगा खुशाल घोरत होता आणि मी ते डस्टर त्याच्या कानाशी आपटायच्या बेतात होतो. बाई शेजारच्या वर्गात विज्ञान शिकवत. कशा कोण जाणे, नेमक्या दारात उभ्या. आत आल्या, डस्टर घेऊन फळ्याखाली ठेवलं आणि हळूच म्हणाल्या, "सर, तो उठला की शिकवा. आत्ता त्याच्या डोक्यात काही शिरायचं नाही." अख्ख्या वर्गासमोर! मला काय राग आला होता म्हणून सांगू.

मुलगा उठल्यावर बाईंनी त्याला विचारलं, "ऊंघ पूरी थई के?" ऊंघ म्हणजे झोप; ती पुरी झाली का? बाई कोसबाडच्या, घरची चिकूची वाडी, बोलणं अस्सल मराठी. पण गुजरातची हद्द इतकी जवळ की बाजारातलं अर्धं बोलणं तिकडचंच. झोपेसाठी त्यांना हाच शब्द आवडायचा. म्हणायच्या, "झोप म्हटलं की पोरांना वाटतं आपल्याला आळशी म्हणतात. ऊंघ म्हटलं की हसतात आणि खरं बोलतात." कोणी मारामारी केली, कोणी रिक्षाच्या मागे लटकत आलं, कोणी पैज लावून भिंतीवरून उडी मारून पाय मोडून घेतला, की बाईंचा पहिला प्रश्न हाच. स्टाफरूममध्ये आम्ही त्यांना ऊंघबाई म्हणायचो. त्यांना ते ठाऊक होतं, आणि त्याचं त्यांना काही वाटत नसे.

आणि गंमत बघा, शाळेत दहावीचा पहाटेचा जादा तास सुरू केला तो याच बाईंनी. आपल्याकडे पहाटे उठून केला तोच अभ्यास, बाकी सगळा टाइमपास, अशीच आपली सगळ्यांची समजूत. बाई स्वतः कोंबड्याच्या आधी उठणाऱ्या. त्या तासाचा त्यांना फार अभिमान होता. त्याच्यामुळे निकाल वर गेला म्हणून पालकही खूश होते.

दर्शना त्या तासाला कधी चुकली नाही. झाई गावातल्या मच्छीमार घरातली मुलगी, अबोल, निबंधात माझी लाडकी. सराव परीक्षेचे पेपर वाटताना गणिताचे देसले सर तिला सर्वांदेखत म्हणाले, या मार्कांवर तू आपली आईची मासळीची पाटीच डोक्यावर घे. दर्शनाने हातातली कंपासपेटी उचलून सरळ त्यांच्यावर भिरकावली. सरांच्या भुवईला दोन टाके पडले. मी धावत गेलो तर पोरगी भिंतीला टेकून उभी होती, आपण काय केलं ते तिलाच कळेना.

मुख्याध्यापकांनी दाखला हातात द्यायचं ठरवलं. बोर्डाची परीक्षा तोंडावर आलेली. एकदा दाखला घेऊन झाईला गेली असती तर दर्शना परत कुठल्याही शाळेची पायरी चढली नसती, हे आम्हा सगळ्यांना माहीत होतं. मी तिचा वर्गशिक्षक, म्हणून तिला प्रयोगशाळेत बाईंकडे घेऊन गेलो. बाईंनी नेहमीचा प्रश्न विचारला.

 दर्शना पायाच्या अंगठ्याकडे बघत म्हणाली, "कशी होणार बाई? होड्या भरतीला लागतात. आईबरोबर मासळी निवडून होईस्तोवर रात्र जाते. नि मग तुमच्या तासासाठी पहिली एसटी धरायची असते."

बाई स्टुलावर बसल्या. शाळेत त्यांना बसलेलं मी क्वचितच पाहिलं होतं. मला म्हणाल्या, "सर, इतकी वर्षं पोरांना विचारते आहे. उत्तर माझ्याच तासात होतं."

दुसऱ्या दिवशी मीटिंगमध्ये बाई उभ्या राहिल्या. या वयात पोरांना झोपच मुळी उशिरा येते, हा आळस नव्हे, शरीराचं घड्याळच तसं असतं, असं त्यांनी सांगितलं. कपाळामागे मेंदूचा जो भाग माणसाला 'थांब' म्हणतो, तो सगळ्यात शेवटी तयार होतो. झोप मोडली की तो आणखी ढिला पडतो, राग मात्र टक्क जागा असतो. "चिकू झाडावरून कडकच उतरतो," त्या म्हणाल्या, "झाकून ठेवतो तेव्हा पिकतो. ही पोरं झाकून ठेवायच्या वयाची आहेत आणि आपण त्यांना पहाटे उघडून बघतोय."

देसले सर भुवईवरची पट्टी चाचपत म्हणाले, झोप तर माझीही होत नाही, मी कुणाला काही फेकून मारतो का? बाई शांतपणे म्हणाल्या, "तुमचं डोकं पिकलंय, सर." सरांचे केस पांढरेशुभ्र. आधी शिपाई हसला, मग आम्ही, आणि शेवटी टाके ओढले जात असतानाही स्वतः देसले सर.

दाखला टळला, पण बाईंनी दर्शनाला मोकळं सोडलं नाही हं. दर्शनाने सरांची माफी मागायची आणि परीक्षेपर्यंत त्यांच्याकडेच गणित शिकायचं, असं ठरवलं. सरांनीही पाटीचे शब्द वर्गासमोर मागे घेतले. पहाटेचा तास बाईंनी त्याच दिवशी बंद करून शाळा सुटल्यावर लावला. पालक चिडले, निकाल घसरला तर तुम्ही जबाबदार, असं मुख्याध्यापकांनी बजावलं. निकाल होता तिथेच राहिला. दर्शना पास झाली. गणितात काठावर, पण झाली.

२०१९ मध्ये बाई निवृत्त झाल्या. निरोप समारंभात पाहुण्यांचं भाषण काही संपेना. मंचावर शाल पांघरून, मांडीवर नारळ धरून बसलेल्या बाईंची मान हळूहळू कलली आणि त्या चक्क झोपी गेल्या. मुख्याध्यापक त्यांना हलवायला वाकले, तर देसले सरांनी त्यांचा हात धरला. समोरच्या पोरांनी आवाजसुद्धा केला नाही. माझे डोळे भरून आले होते, खोटं कशाला बोलू.

भाषण संपल्याच्या टाळ्यांनी बाईंना जाग आली. तेव्हा समोर फुलं घेऊन दर्शना उभी होती. ती नर्सिंगला होती, नाइट ड्यूटी संपवून थेट एसटीने आली होती. वाकून बाईंच्या कानाशी म्हणाली, "बाई, ऊंघ पूरी थई के?"

बाईंनी डोळे चोळले, तिच्या तांबारलेल्या डोळ्यांकडे निरखून पाहिलं आणि म्हणाल्या, "माझी झाली गं. तुझी?"