पौषात घर घेत नाहीत

सावंत काकी नवीन घरात शिरली की आधी स्वयंपाकघराची खिडकी उघडायची आणि हात बाहेर काढायची. वारा आहे का, ऊन आहे का, समोरची भिंत हाताला लागते का, सगळ्याचा निकाल एकदम. मग मागे वळून त्या बिचाऱ्या एजंटला विचारायची, "इथे बांगडे भाजले तर वास कुठे जाणार?" मुलुंड-घाटकोपरच्या निम्म्या एजंटांकडे याचं उत्तर नसायचं. उरलेल्यांचा चेहरा पडायचा, कारण त्यांच्या सोसायटीत बांगड्याचं नावसुद्धा चालत नसायचं.

बरं, घर हिला घ्यायचं होतं का? छे! ऐपतच नव्हती. मुलुंड पूर्वेला आमच्याच इमारतीत तळमजल्यावर तिची एक खोली आणि स्वयंपाकघर. खिडकी होती, पण ती उघडायची शेजारच्या इमारतीच्या भिंतीवर, त्यामुळे भर दुपारीही ट्यूबलाइट चालू. काका गिरणीत होते. आधी गिरणी गेली, मागून काका गेले. मुलगी लग्न होऊन डोंबिवलीला. फोनवर घरांच्या जाहिराती कशा बघायच्या ते तिला मी शिकवलं. म्हटलं, म्हातारीचा वेळ जाईल. म्हातारी सुटलीच.

संध्याकाळी मी ऑफिसातून आले की काकी दारात हजर. "बघ गो, आज खय ऱ्हवाचा?" कुठे राहायचं ते रोज नव्याने ठरायचं. मग माझ्या सोफ्यावर मांडी घालून एकेक घर. "ह्यो हॉल बघ, क्रिकेट खेळशीत. फोटोवर जाव नको, पाय सोडून बसलंस तर भिंतीक लागतले." पुढचं घर. "स्टेशनपासून पाच मिनिटां, म्हणे. कोणाच्या पायान? घोड्याच्या?" परक्यांशी ती व्यवस्थित मुंबईचं मराठी बोलायची, घरात मात्र मालवणी. रविवारी इस्त्रीची साडी नेसून ती प्रत्यक्ष घरं बघायला निघायची आणि मला भाची म्हणून सोबत घ्यायची. मी वैतागायचे. "काकी, घ्यायचं नाही तर लोकांचा वेळ कशाला खातेस?" तिचं उत्तर ठरलेलं. "बघूक पैशे पडतत काय गो?"

एकदा गणपती झाल्यावर तिने घाटकोपरची एक जागा माझ्यासमोर धरली. हॉल, किचन, गॅलरी, सगळे फोटो नेहमीसारखे. बेडरूमच्या फोटोत मात्र पलंगावर एक म्हातारी बाई पाठमोरी बसलेली. मांडीवर कपड्यांच्या घड्या. फोटो काढणाऱ्याने तिला ना उठवलं होतं, ना सांगितलं होतं. लोक फोटोसाठी डस्टबिनसुद्धा हलवतात हो! काकीने दोन बोटांनी तो फोटो मोठा केला. मग म्हणाली, "रविवारी जावया."

दार त्या बाईंच्या मुलाने उघडलं. नितीन नाव, चाळिशीचा, सभ्य. पुण्याला नोकरी, तिथे भाड्याच्या दोन खोल्या, दोन मुलं. ही जागा विकून तिकडे घर घ्यायचं होतं. "आणि आई?" काकीने सरळ विचारलं. त्याने मान खाली घातली. "आईची बदलापूरला सोय केलीय. वृद्धाश्रम आहे, पण चांगला आहे. बागेकडच्या खिडकीची खोली सांगून ठेवलीय तिच्यासाठी." त्याला फोन आला म्हणून तो गॅलरीत गेला आणि काकी सवयीने स्वयंपाकघरात. मी मागोमाग. तिथे मनोरमाबाई, म्हणजे फोटोतल्या बाई, चहा गाळत होत्या. काकीने खिडकीबाहेर हात काढला तसं त्या हळूच म्हणाल्या, "तुम्ही घेणार असाल तर लगेच हो म्हणू नका. दिवाळी इथे होऊ दे माझी."

काकीने हॉलमध्ये येऊन जाहीर केलं, "घर पसंत आहे. पण पितृपक्ष लागलाय, आत्ता बोलणी नकोत." मी थक्क! ज्या बाईने उभ्या आयुष्यात पंचांग उघडलं नव्हतं, तिने परतताना दुकानातून पंचांग घेतलं आणि कानाकोपरा वाचून काढला.

पितृपक्ष संपला, दसरा आला. नितीन म्हणाला, मुहूर्त चांगला आहे, टोकन देऊन टाका. काकीने हात जोडले. "आमच्या गावच्या देवाचा कौल घेतल्याशिवाय आम्ही घर घेत नाही. भावाला सांगितलंय, पण देव काही कौल देईना." तो साताऱ्याकडचा, कोकणातल्या देवाशी वाद कसा घालणार? शिवाय काकीवर त्याचा भरवसा बसला होता. त्याने जाहिरात काढून टाकली. दोन गिऱ्हाइकं आली होती, त्यांनाही परत पाठवलं. दर पंधरवड्याला आम्ही "कपाटाचं माप घ्यायला" जायचो. तो पुण्याला असायचा, मग काकी आणि मनोरमाबाई ओट्याशी उभ्या राहून तासन् तास बोलायच्या. दिवाळीत तर काकीने तिथे बसून करंज्या लाटल्या. मनोरमाबाईंना मी त्या दिवशी पहिल्यांदा खळखळून हसताना पाहिलं.

दिवाळी झाली तरी काकी थांबेना, तेव्हा मी तिला टोकलं. "काकी, ही आता मस्करी राहिली नाही. त्याला कळलं म्हणजे?"

"गप ऱ्हव. पौष लागतलो आता. पौषात घर घेणत नाय."

पौष लागला आणि संपलाही. माघात नितीन कागदांच्या झेरॉक्स घेऊन स्वतःच मुलुंडला आला. पत्ता विचारत विचारत तळमजल्यावरच्या दारात उभा राहिला. ट्यूबलाइट, पोपडे आलेली भिंत, एका खोलीत मावलेला सगळा संसार. त्याला सगळं समजलं. काकीने मला हाक मारली म्हणून मी धावत गेले. तो ओरडेल असं वाटलं होतं. तो पाणी प्यायला आणि म्हणाला, "का केलंत काकू?"

"तुझ्या आईने सांगितलं, दिवाळी इथे होऊ दे," काकी म्हणाली.

"मला सांगायचं ना! मी काय राक्षस आहे?" त्याचा आवाज फाटला. "ती बागेकडची खोली किती दिवस धरून ठेवणार ते लोक? गेल्या महिन्यात दुसऱ्याला दिली. आता चौघींच्या खोलीत एक पलंग आहे फक्त."

तो गेल्यावर काकीने जेवण केलं नाही, आणि मी आणून दिलेलंही तसंच झाकून ठेवलं.

घर विकलं गेलं. होळीनंतर आम्ही नारळाच्या वड्या घेऊन बदलापूरला गेलो. जागा स्वच्छ होती, खोटं कशाला बोलू. मनोरमाबाईंचा पलंग दोन कपाटांच्या मध्ये. खोलीत एकच खिडकी, ती पलीकडच्या आजींच्या उशाशी, बंद. काकी सवयीने तिकडे गेली, कडीला हात घातला, तर त्या आजी खेकसल्या, "उघडू नका, मला बाधतं!" काकीने हात मागे घेतला. तिच्या हाताला काय करावं ते कळेना, म्हणून तिने तो पदरात गुंडाळला आणि मनोरमाबाईंच्या पलंगावर बसली.

"माझ्यामुळे गेली तुमची ती खोली," ती म्हणाली.

"हो, गेली," मनोरमाबाई म्हणाल्या. मग वडीचा तुकडा मोडून त्यांनी अर्धा काकीच्या हातात दिला. "पण दिवाळी घरात झाली."

येताना रिक्षात काकी रडली. मला जवळ ओढून म्हणाली, "खरां बोलली गो ती, की माका बरां वाटूचा म्हणान? माका काय्येक कळाक नाय." मलाही कळलं नव्हतं. मी तिची पाठ चोळत राहिले.

त्यानंतर "आज खय ऱ्हवाचा" बंद झालं. मी एकदोनदा मुद्दाम फोन पुढे केला तर म्हणाली, "नको गो, माझे डोळे दुकतत." तो फोन ती रोज संध्याकाळी एकाच कामाला वापरायची, मनोरमाबाईंशी बोलायला. आज काय जेवलात, ताक होतं का, त्या पलीकडच्या बाईने खिडकी उघडू दिली का. शेवटचा प्रश्न ती कधी चुकवायची नाही. गेल्या वर्षी आषाढात काकी गेली. मी बदलापूरला फोन केला तेव्हा मनोरमाबाईंनी ती शेवटचं काय जेवली ते विचारलं. मग म्हणाल्या, "आता संध्याकाळी तू करशील ना?" मी करते. खिडकीचंही विचारते. ती अजून बंदच असते.

घरांच्या जाहिराती मी अजून बघते, घ्यायचं काही नसताना. खोड लागली ती लागलीच. हॉल बघत नाही, किमतीही बघत नाही. आधी बेडरूमचा फोटो मोठा करते आणि पलंगावर कुणी बसलंय का ते बघते. मागच्या आठवड्यात बोरिवलीच्या एका घरात एक आजोबा दिसले, खुर्चीत, चपला नीट जुळवून ठेवलेल्या. खाली मालकाचा नंबर होता. मी तो लिहून घेतलाय. लावायचा की नाही, हे मला अजून ठरवता आलेलं नाही.