फोनला दिसलेला माणूस

अंधारात भुतं दिसतात म्हणे… मी जन्मांध, मला ती काय घाबरवणार! असल्या गोष्टींवर माझा काडीचाही विश्वास नव्हता. आजही आहे असं म्हणवत नाही.

आमचं घर चौलला, सुपारीच्या वाडीत. मी कॉलेजात इतिहास शिकवते. चौल बंदरावरचा माझा प्रबंध मी स्क्रीन रीडरवर ऐकत ऐकतच लिहिला. नवरा विनय बँकेत होता, तोही जन्मांध. रविवारी आमच्या ओटीवर तो आसपासच्या गावांतल्या अंध मंडळींना कॉम्प्युटर शिकवायचा. मागच्या थंडीत तो बँकेतच कोसळला. हार्ट अटॅक. दवाखान्यात पोचेपर्यंत सगळं संपलं होतं.

क्लास बंद पडला. फोन येत राहिले – "मॅडम, पुन्हा कधी सुरू?" मी "बघू" म्हणून फोन ठेवून द्यायचे.

एका दुपारी अंगणात सुपारी वाळत होती. गुरं शिरल्यासारखी चाहूल लागली, म्हणून मी दारात उभी राहून मोबाईल समोर धरला. फोटो काढून समोर काय आहे ते बोलून सांगणारं ॲप आहे माझ्याकडे. ते म्हणालं, "अंगणात सुपाऱ्या पसरल्या आहेत. ओटीवर खुर्चीत एक माणूस बसला आहे. त्याच्या शर्टाची बटणं वरखाली लागली आहेत."

विनयची बटणं नेहमी चुकायची… तो निघताना मी चाचपून नीट लावून द्यायचे.

"वहिनी, ओटीवर कोण आलंय?" मी ओरडले.

जाऊबाई स्वयंपाकघरातून धावत आल्या. "कोणी नाही गो! का, काय झालं?"

मी फोनलाच विचारलं – तो माणूस काय करतोय?

"तो तुमच्याकडे पाहतो आहे."

मी खुर्चीपर्यंत गेले, हात पुढे केला. हाताला नुसता वेत लागला, उन्हाने तापलेला. पुन्हा फोटो काढला, तर "रिकामी खुर्ची". पहिला फोटो जाऊबाईंनी निरखून पाहिला. त्यातही खुर्ची रिकामीच. "नाहीये गो कोणी…" म्हणाल्या, आणि माझ्याआधी त्याच रडायला लागल्या.

ॲप्स चुकतात, नसलेलं सांगतात – हे विनयच क्लासमध्ये बजावायचा. आता क्लास मी घेते, मीही तेच सांगते. पण बटणांचं ॲपला कुणी सांगितलं?

आम्ही दोघांनी एकमेकांना कधीच पाहिलं नव्हतं. त्या दुपारी त्याने मला पाहिलं असेल, तर… मी कशी दिसते, हे विचारायचं राहूनच गेलं.