दाजींचा फौजदार

माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान, म्हणजे आमचे दाजी, यांच्याइतका मन लावून रेडिओ ऐकणारा माणूस बारामतीतच काय, सबंध कालव्याकाठी दुसरा झाला नसेल. आणि ऐकण्यापायी त्यांच्याइतकं दुःखही कुणी ओढवून घेतलं नसेल. कालव्याच्या पाण्यावर त्यांची वांगी, काकडी, पेरू उत्तम पिकत. माणूस मेहनती, निर्व्यसनी. आक्काचं म्हणणं असं, की एखादं व्यसन असतं तर बरं झालं असतं. निदान ते सुटेल अशी आशा तरी धरता आली असती.

मळ्यात तेव्हा वीज नव्हती. दाजींनी बॅटरीवर चालणारा रेडिओ आणला तो पुण्याचे बाजारभाव कळावेत म्हणून. पण दर बुधवारी संध्याकाळी त्यावर एका फौजदाराची मालिका लागे. दर वेळी एक खून आणि दर वेळी त्याचा उलगडा. दाजी आधी ती येता-जाता ऐकत. मग उभ्यानं ऐकू लागले. मग फेटा बांधून, घोंगडी टाकून, रेडिओसमोर मांडी घालून बसू लागले. आणि एका बुधवारी तो भाग लागला, ज्यानं त्यांचं आणि आमचं सगळ्यांचं आयुष्य नासवलं.

त्या भागात एक म्हातारे वकील ओसरीवर मरून पडलेले सापडतात. गडी सांगतो, दिवेलागणीपर्यंत झोपाळा करकरत होता, म्हणजे तोवर मालक जिवंत होते. फौजदार झोपाळ्याच्या कडीला बोट लावतो. बोटाला तेल लागतं. कड्यांना सकाळीच तेल घातलेलं. मग करकरलं काय? इतक्यात वकिलांचा धाकटा भाऊ रडत रडत आत येतो, आणि त्याच्या नव्या वहाणा वाजतात, कर्र कर्र. फौजदार हळू आवाजात म्हणतो, "वहाणा काढून ठेवा, मग बोलू." पुढे रेडिओवर काहीच नाही. नुसती शांतता. आणि मग त्या भावाचं खरं रडणं.

दाजींचा जीव गुंतला तो त्या शांततेत. "दुसरा फौजदार आरडला आसता," ते म्हणत. "ह्यो गप बसला. मानूस गप बसला की म्होरच्याचं पाप आपसूक वर येतं."

तिथून पुढे दाजींना भेटेल त्याला तो भाग ऐकावा लागे. भाजी न्यायला आलेल्या ट्रक ड्रायव्हरला त्यांनी भरल्या गाडीसकट बांधावर थांबवून ऐकवला. लग्नाच्या पंगतीत मठ्ठा वाढता वाढता ऐकवला. घरच्या झोपाळ्याला तेल घालायचं त्यांनी बंद केलं, कारण करकर तोंडानं काढली तर ती हुबेहूब येत नसे. कऱ्हाटीला एका घरी दुखवट्याला गेले, तर तिथं रडणाऱ्या बायकांना त्यांनी विचारलं, शेवटचा आवाज कुणी ऐकला. ती शांतताही ते पुरेपूर पाळत. हात वर करून, डोळे मिटून बसत. सुप्याचे एक पाहुणे त्या अवधीत पिशवी उचलून एसटीला निघून गेले. दाजींनी डोळे उघडले तर समोर पाहुण्यांचा रिकामा पाट. त्यांना त्याचं काही वाटलं नाही. पुढचं त्यांनी पाटाला सांगितलं.

हे सगळं आम्ही हसून सोडून देत होतो. पण मग शांताची सोयरीक आली.

शांता म्हणजे दाजींची एकुलती एक लेक. मुलगा पणदऱ्याचा, घरचा ऊस, दोन म्हशी, स्वभावानं गरीब. शांताच्या मनात तो भरला होता, हे आक्कानं मला चुलीपाशी हळूच सांगितलं होतं. मुलाचे वडील आदल्या वर्षी वारले होते, म्हणून बोलणी करायला त्याचे चुलते आले. मी इंदापूरच्या कचेरीत कारकून होतो. रजा काढून मुद्दाम आलो होतो. पाहुणे अंगणातून चालत आले आणि त्यांच्या वहाणा वाजल्या. कर्र कर्र. मी चटकन दाजींच्या तोंडाकडे पाहिलं.

पोहे आले. शांता पाणी देऊन आत गेली. दाजींची नजर पायरीवरच्या वहाणांवरून हलेना.

"वहाना नव्या दिसत्यात," ते म्हणाले.

"व्हय, सोयरिकीला जायचं म्हनून घेतल्या."

"तुमचं बंधू कशानं गेलं म्हनला?"

"हिरीत पाय घसरला."

"तवा तुमी कुठं हुता?"

पाहुण्यांचा घास हातातच राहिला. मी काहीतरी पावसापाण्याचं बोलायला गेलो, पण दाजींनी हात वर केला, डोळे मिटले आणि गप बसले. त्या बिचाऱ्या माणसानं भावाला वाचवायला स्वतः विहिरीत उडी घेतली होती, हे आम्हाला नंतर कळलं. त्यानं ताटली खाली ठेवली. तो रागावला नाही. त्याच्या डोळ्यांत पाणी आलं, आणि डोळे उघडलेल्या दाजींना क्षणभर वाटलं, की आपलं बरोबर निघालं. पाहुणे उठले, वहाणा पायांत न घालता हातात घेतल्या आणि अनवाणी निघून गेले. सोयरीक मोडली. शांता गोठ्यात जाऊन बसली ती जेवायलाही आली नाही.

आक्कानं रेडिओ लुगड्यात गुंडाळून माळ्यावर टाकला आणि नवऱ्याशी बोलणं सोडलं. भाकरी वाढायची, पण बोलायची नाही. दाजी पणदऱ्याला जाऊन पाहुण्यांच्या पाया पडून आले. त्यांनी पाणी दिलं, सोयरीक दिली नाही. पुढच्या रविवारी मी गेलो तर दाजी वांग्यांच्या वाफ्यात नुसते उभे होते.

"मी चुकलो," ते म्हणाले. "पर मला काय झालतं त्ये हिला कळंना. त्या बुधवारी ही आत भाकरी थापत हुती. तिनं त्यो भाग ऐकलाच न्हाय. एकडाव ऐकला आसता तर म्हनली आसती, मानूस येडा हाय, पर वाईट न्हाय. तुमी शिकलेलं हाय. त्यो भाग पुन्यांदा लावाया सांगा कुनाला तरी."

कचेरीतल्या एका सहकाऱ्याच्या ओळखीनं पत्ता लागला, तोही थेट फौजदाराचं काम करणाऱ्या नटाचा. आम्ही पुण्याला गेलो. दाजींनी नवा फेटा बांधला होता, डोक्यावर पेरूंची पाटी. जिने चढून गेलो तर दार उघडलं एका किडकिडीत, खोकणाऱ्या गृहस्थांनी. एका शाळेत चित्रकला शिकवत होते. दाजी उंबऱ्याबाहेरच थांबले. साहेबापुढं उभं राहावं तसे.

मी येण्याचं कारण सांगितलं. गृहस्थ गोंधळले.

"परत कसा लावणार? आम्ही तिथं कागद हातात घेऊन बोलतो, ते तसंच तुमच्याकडे ऐकू येतं. साठवून कुठं ठेवलेलं नसतं हो. बोललं की गेलं."

"समदं गेलं?" दाजींनी विचारलं.

"सगळं. आणि खरं सांगू का, मला तो भाग नीटसा आठवतही नाही. झोपाळ्याचा म्हणता ना?" ते थोडा वेळ आठवत राहिले आणि हसले. "हां, तोच तो. माझं एक पान खाली पडलं होतं. वहाणा काढा म्हणालो आणि पुढचं पानच हातात नाही. मला तर घाम फुटला. शेवटी त्या भावाचं काम करणाऱ्यानं प्रसंग ओळखून रडायला सुरुवात केली, म्हणून निभावलं."

मला वाटलं, आता दाजी जिन्यातच कोसळणार. दाजींनी पाटी खाली ठेवली. पेरू एकेक करून उंबऱ्याच्या आत रचले. मग म्हणाले, "पान पडलं तर काय झालं सायेब. दुसरा कुनी आसता तर कायबी बोलला आसता. तुमी गप बसला."

परतीच्या गाडीत ते रिकामी पाटी मांडीवर घेऊन बसले.

आक्कानं काय झालं ते माझ्याकडून काढून घेतलं. ती बराच वेळ शेंगा निवडत राहिली. मग इतक्या दिवसांत पहिल्यांदाच नवऱ्याला म्हणाली, "मग तुमीच सांगा की. मी बसती ऐकाया."

दाजी झोपाळ्यावर बसले. वकील मेले इथपर्यंत आले आणि थांबले. "न्हाय," ते म्हणाले. "आता न्हाय सांगता यायचं."

शांताचं लग्न पुढे इंदापुराकडे झालं, चांगलं झालं. वऱ्हाडात दाजी सगळ्यांना पाणी विचारत हिंडले, कुणाच्या पायांकडे पाहिलं नाही. त्यांनी तो भाग पुन्हा कधीच कुणाला सांगितला नाही. आम्ही सगळ्यांनी हीच तर इच्छा केली होती. आणि ती पुरी झाल्यावर त्या घरात आम्हाला बसवेना.

आता दाजी नाहीत. कधी कुणी जुन्या रेडिओचा विषय काढला, की मी त्या फौजदाराची गोष्ट सांगायला लागतो. बरी सांगतो, असं लोक म्हणतात. पण त्या बुधवारी मी इंदापुरात होतो. तो भाग मी ऐकलेलाच नाही. माझ्या कानात फौजदार बोलतो तो दाजींच्या आवाजात, बारामतीकडच्या बोलीत, आणि तसा तो कधीच, कुठंही बोललेला नाही.