सात पांढऱ्या पिकअप आणि माझे त्रेचाळीस मुद्दे

गेल्या दिवाळीनंतरच्या रविवारी मी हायवेवरचा एक भरलेला ढाबा दहा मिनिटांत रिकामा केला. तेही आवाज न चढवता. अन्वी, रोहन, तुमच्या बाबांनी तिकडे तुम्हाला यातलं काय सांगितलं असेल ते असो. मी सगळं क्रमाने लिहून पाठवते आहे. (आजोबांना विचारू नका. ते शेवटापासून सुरू करतात आणि मधेच हसत सुटतात.)

झालं असं की तुमच्या सुषमाकाकूला पिकअप हवी होती. ती आणि तिच्या बचत गटातल्या अकरा बाया गावच्या तलावातले शिंगाडे उकडून गोंदियाच्या बाजारात पाठवतात. माल जायचा भाड्याच्या तीनचाकीतून. एके सकाळी उतारावर त्या तीनचाकीचे ब्रेक गेले, आणि काकू, ड्रायव्हर आणि शिंगाड्यांची चार पोती रस्ता सोडून थेट धानाच्या बांधीत जाऊन बसली! कुणाला खरचटलंसुद्धा नाही. पण त्या दिवसापासून काकूचा फोन लागला नाही की मला खाली बसवत नसे. त्यात गोंदियाच्या व्यापाऱ्याचा निरोप आला: या सोमवारपासून रोज सकाळी आठला माल पोचला पाहिजे, नाहीतर तो दुसऱ्या गावाकडून घेणार. हातात दिवस चार. गाडी चालवणार स्वतः काकू.

मी जाहीर केलं, "गाडी मी निवडणार."

"आई, तुमाले गाडीतलं काय समजते?" काकू म्हणाली.

"समजत नाही म्हणूनच यादी करते आहे."

"यादी कायले पायजे वो?" आजोबा म्हणाले. "टायरले एक लाथ मारायची, हॉर्न वाजवून पाहायचा. झालं!"

"ती तीनचाकी अशीच कुणीतरी ठरवली असेल," मी म्हणाले. आजोबा चहाच्या कपात पाहू लागले. (त्यांनीच ठरवली होती.)

तीन संध्याकाळी खपून मी त्रेचाळीस मुद्दे काढले. टायरची झीज, सीटबेल्ट, हातब्रेक, विम्याची मुदत, चेसीवरचा गंज! पस्तीस वर्षं शाळेत इंग्रजी शिकवलं आहे मी. समास सोडून, उपप्रश्नांसह, लाल शाईत अधोरेखित करून असं देखणं काम केलं की परीक्षा मंडळाने हेवा करावा.

गाडीही मिळाली. देवरीकडच्या एका माणसाला पिकअप विकायची होती. त्याचा फोन आजोबांनी घेतला.

"रविवारी दहाले हायवेच्या ढाब्यावर बोलावलं हाये."

"गाडीचा नंबर?"

"पांढरी हाये."

"अहो, नंबर विचारला मी!"

"आता पांढरी म्हटल्यावर नंबर कायले पायजे?"

रविवारी आम्ही तिघं दहाच्या ठोक्याला ढाब्यावर उतरलो. तिथे सात पिकअप उभ्या होत्या. सातही पांढऱ्या!

आजोबा म्हणाले, त्या माणसाला फोन लावतो. पण तोवर मी कामाला लागले होते. (हीच माझी पहिली चूक. मोजत राहा.) गार वारा होता म्हणून मी साडीवर आजोबांचा खाकी स्वेटर चढवला होता. गळ्यात मोजायची टेप, एका हातात टॉर्च, दुसऱ्या हातात जाड रजिस्टर. पहिल्या पिकअपच्या चाकापाशी वाकून मी टॉर्च मारला. एक ड्रायव्हर पोह्यांची प्लेट टाकून धावत आला.

"हे टायर कधीचं?" मी विचारलं.

"बदलनेही वाला था, मॅडम!"

"सीटबेल्ट?"

"है ना मॅडम. सीट के नीचे है."

"आणि विमा?"

"घर पे रह गया, मॅडम. माँ कसम!"

मी सगळं नीट लिहून घेतलं. त्याला दरदरून घाम फुटला होता. मला वाटलं, मालाचे दोष काढले की विकणाऱ्याला घाम फुटायचाच. मी मान वर करते तो काय, मागे इंजिनं धडधडायला लागलेली! एक पिकअप उलटीच निघाली. दुसरीचा ड्रायव्हर तोंडात अख्खा समोसा कोंबून स्टेअरिंगवर चढला. माझ्या समोरची गाडी तर चाकाला लावलेली माझी टेप घेऊन पळाली!

"हे सगळे काऊन पळून राहिले?" मी आजोबांना विचारलं. (उत्साहाच्या भरात माझं शुद्ध मराठी सुटतं.)

तेवढ्यात आजोबांचा फोन वाजला. देवरीवाल्याचा! त्यांनी स्पीकर चालू केला.

"बाबूजी, तुमी ढाब्यावर येऊ नका! तिथी आरटीओची धाड पडली हाये! येक म्हातारी बाई हाये, लई कडक, समदं लिहून घेऊन राहिली. मी निंगालो गाडी घेऊन!"

काकू पदर तोंडात कोंबून हसत होती. आजोबांनी माझ्याकडे आपादमस्तक पाहिलं आणि फोनमध्ये शांतपणे म्हणाले, "हो, पाहून राहिलो मी. कडकच हाये."

ढाबेवाला हात जोडून आला. "मॅडमजी, चाय पियेंगे? आज वैसे भी कोई और पीनेवाला बचा नहीं."

मी हताश होऊन मान वळवली, आणि मला ती दिसली. मोहाच्या झाडाखाली सातवी पिकअप! तिचा मालक मनसाराम खाटेवर पाय सोडून निवांत सुपारी कातरत होता.

माझ्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. सहा पळाले, कारण त्यांच्यात खोट होती. जो पळाला नाही त्याची गाडी चोख!

"तुम्ही पळाला नाहीत?" मी विचारलं.

"मी कुठी पळू, बाई?"

काय ते तेज! कागद मागितले; प्लास्टिकच्या पिशवीतून सगळे निघाले, मुदतीतले. टायर नवेकोरे. सीटबेल्टवरचं वेष्टनसुद्धा निघालेलं नाही. ब्रेकचा पेडल घट्ट. मी बरोबरच्या खुणा करत सुटले!

"विकता का हो गाडी?" काकूने हळूच विचारलं.

"विकाचीच हाये, ताई."

किंमत ठरली, आजोबांनी इसार दिला, हात मिळवले. काकूने पट्टा बांधला, किल्ली फिरवली.

टक.

पुन्हा फिरवली. टक.

"ब्याटरी मेली हाये," मनसारामने सुपारी तोंडात टाकली. "चार महिने झाले, इथीच उभी हाये."

"मग सांगितलं काऊन नाही?" काकू ओरडली.

"मॅडमनं इचारलंच नाही. त्यायनं टायर इचारला. आता चाललीच नाही तर टायर घासंल कसा?"

"आई, तुमच्या यादीत गाडी चालवून पाहाचं नोयतं?"

होतं की. 'चालवून पाहणे' हा त्रेचाळिसावा मुद्दा होता. 'सौदा पक्का करणे' हा बेचाळिसावा. आणि क्रम मोडणं माझ्या स्वभावात नाही.

ढाबेवाल्याने आचाऱ्यासकट सगळे कामगार बाहेर काढले. "धक्का मारो! मॅडम को जल्दी घर भेजो!" तिसऱ्या धक्क्याला गाडी सुरू झाली, आणि ढाब्यावर टाळ्या पडल्या. सडक अर्जुनीच्या मेकॅनिकने नवी बॅटरी बसवली, गाडी फिरवून आणली, खाली शिरून पाहिलं. म्हणाला, "गाडी टंच हाये!" मी आजोबांकडे विजयी नजरेने पाहिलं.

सोमवारी उजाडताच माल भरून आम्ही निघालो. पहिली फेरी म्हणून सुरक्षिततेची जबाबदारी मी घेतली आणि काकूशेजारी बसले.

"सुषमा, शेळी!"

"दिसली, आई."

"सायकल!"

"ते उभी हाये, आई. भिताडाले टेकवून."

पुढे एका वळणावर समोरून उसाचा ट्रक आला. त्याच्या आकाराचा मला एवढा धसका बसला की मी दोन्ही हातांनी हातब्रेक ओढला! गाडी जागच्या जागी थांबली. (हातब्रेक उत्तम आहे.) मागची दोन पोती मात्र थांबली नाहीत, रस्ताभर शिंगाडे घरंगळले, आणि मघाशी एकच शेळी दिसली होती, इथे अख्खा कळप धावत आला. ट्रकवाला स्वतः उतरून आम्हाला शिंगाडे वेचू लागला.

आठला दोन मिनिटं कमी असताना आम्ही बाजारात पोचलो. व्यापाऱ्याने माल उतरवून घेतला आणि म्हणाला, "कल भी इसी टाइम पे, दीदी." मला रडूच आलं.

परतताना काकूने गाडी बसस्टँडसमोर उभी केली.

"आई, गाडी झकास हाये. टायर, बेल्ट, ब्रेक, समदं झकास. येकच धोका हाये, आन् तो माह्या डाव्या बाजूले बसून हाये."

तेव्हापासून मी गोंदियाला एसटीने जाते. तिथेही दोन ड्रायव्हरांनी मला मागच्या सीटवर बसायची विनंती केली आहे. अगदी हात जोडून.