आयोडीनची जागा

मिल बंद पडून दोन वर्षं झाली होती, तरी बाबा भोंग्याच्या वेळेला दाढी करून तयार बसायचे. भोंगा काही वाजायचा नाही. ब्लीचिंग खात्यात कापड पांढरं करण्यात त्यांचं आयुष्य गेलेलं. दुसरं काम येत नव्हतं, मागायची लाज वाटायची. घर आईच्या शिवणावर चाललं होतं. मी बारावीला होते, आणि राग माझ्या नाकाच्या शेंड्यावर असायचा.

तेव्हा शहराबाहेर राऊच्या बाजूला नव्या इंग्रजी शाळा निघत होत्या. त्यातल्या एकीला प्रयोगशाळेत मदतनीस हवा होता. तिथले सर बाबांना म्हणाले, "भिया, अनुभव तो ठीक है, पर ये टेबल जमाना आना चाहिए." भिंतीवर आवर्तसारणीसाठी खिळे ठोकलेला फळा होता आणि मूलद्रव्यांच्या पाट्या खाली खोक्यात. आठ दिवसांनी जाऊन त्या जागच्या जागी टांगून दाखवायच्या. जमलं तर नोकरी.

शिकवायचं माझ्यावर आलं. मिलमधले कापडाचे नमुने चिकटवायचे जुने पुठ्ठे घरात पडून होते, ते कापून मी चौकोन केले. डावीकडून उजवीकडे चढत जायचं, पहिल्याचा स्वभाव पुन्हा दिसला की खालची ओळ धरायची, म्हणजे उभ्या रांगेत एकाच घराण्यातले येतात, असं समजावलं. चढायचं कशाने, तर पुस्तकात अणुक्रमांक दिला होता. तो मी गाळला. मिलच्या माणसाला वजन कळतं, अणुक्रमांक काय कळणार! पुठ्ठ्यांवर फक्त अणुभार लिहिले. वरच्या चार ओळी मी मांडल्या, पाचवी त्यांना दिली.

ते वजनाने लावत गेले आणि आयोडीनपाशी अडले. "बेटा, हा गंधकाच्या रांगेत कसा?"

"टेल्युरियमपेक्षा हलका आहे म्हणून. हलका आधी."

"पर हा क्लोरीनच्या घरातला आहे. कापडात क्लोरीन उरला की तो मारायला आम्ही ते हायपोच्या पाण्यातून काढायचो. खळ निघाली का बघायला आयोडीनचा थेंब टाकायचो, त्याचा डाग बोटाला लागला तर तोही हायपोनंच जायचा. दोघांची खोड एकच."

"बाबा, इथे तुमची मिल नकोय. सांगितलंय तसं पाठ करा." आणि आईकडे वळून, पण त्यांना ऐकू जाईल असं, मी म्हणाले, "गाढवापुढे वाचली गीता."

त्यांनी आयोडीन उचलून गंधकाच्या रांगेत ठेवला, आणि आठवडाभर ते मी सांगेन तसंच लावत राहिले.

नोकरी मिळाली. घरी येऊन चप्पल काढता काढता म्हणाले, "झालं काम." आई देवापुढे जाऊन बसली. बाबांना मी तयार केलं, असं मी गल्लीभर सांगत फिरले. त्यात मला काही वावगं वाटलं नाही.

दोन वर्षांनी कॉलेजात शिकवताना आमचे सर म्हणाले, नुसत्या वजनाने लावलं तर आयोडीन भलत्याच घरात जातो. अणुक्रमांकाने लावलं की आपल्या घरी येतो. पुढचं मला ऐकू आलं नाही. घरी गेले तेव्हा बाबा गच्चीवर शाळेचे ॲप्रन वाळत घालत होते.

"त्या दिवशी शाळेत आयोडीन कुठे टांगला होता?"

"क्लोरीनच्या रांगेत."

"मग मला का नाही सांगितलं?"

"तू चिडलेली होतीस." त्यांनी ॲप्रनची बाही सरळ केली. "सरांनी शाबासकी दिली, विचारलं, किसने सिखाया? मी म्हटलं, मुलीनं."

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. बादलीत अजून दोन ॲप्रन होते, ते मी पिळून त्यांच्या हातात दिले.