दाजी तऱ्यांचं मैत्रीपूर्ण आव्हान

शेलार गावच्या दाजी तऱ्यांना हरायला आवडत नाही असं म्हणणं म्हणजे म्हशीला ऊन आवडत नाही म्हणण्यासारखं आहे. कुणाला आवडतं? पण बाकीचे लोक हरले की घरी जातात, जेवतात, विसरतात. दाजी हरले की संस्था काढतात.

कामतघरच्या एका कारखान्यात त्यांनी बावीस वर्षं जॉबरकी केली. जॉबर म्हणजे पॉवरलूमचा डॉक्टर. लूम बंद पडला की कारागिरानं हाक मारायची, दाजींनी सावकाश पान थुंकून यायचं, पान्यानं दोन ठोके द्यायचे, आणि लूम खडखडायला लागला की कारागिराकडे असं बघायचं, जणू त्याच्या बापालाच सरणावरून उठवून आणलंय. पुढे गावच्या जमिनीवर गोदाम उभं राहिलं, भाडं येऊ लागलं आणि दाजींनी पाना खाली ठेवला. रिकाम्या हाताचा माणूस आमच्याकडे एक तर निवडणुकीला उभा राहतो, नाही तर क्रिकेटचे सामने भरवतो. दाजींनी गोदामाबाहेर पडलेले पुठ्ठे गोळा केले आणि मॉडेल करायला बसले. घरच्यांना वाटलं, बरं झालं, निदान बॅनर तरी लागणार नाही.

पहिलंच मोठं मॉडेल पॉवरलूमचं केलं आणि ते ठाण्याच्या एका प्रदर्शनात नेलं. परीक्षक बाई चष्मा सावरत वाकल्या. "किती गोड!" त्या म्हणाल्या. "शिलाई मशीन ना?"

पहिला नंबर काडेपेटीच्या काड्यांच्या मोराला गेला. दाजींना उत्तेजनार्थ.

"उत्तेजनार्थ म्हंजे काय वो?" घरी आल्यावर कमळाबाईंनी, म्हणजे त्यांच्या पत्नीनं, विचारलं.

"म्हंजे पुढल्या वर्षी येव नका," दाजी म्हणाले आणि प्रमाणपत्राची घडी घालत राहिले. कागद आणखी दुमडेना, तेव्हाच थांबले.

पंधरा दिवसांत 'मैत्रीपूर्ण मॉडेल आव्हान, शेलार' स्थापन झालं. सभासद चार. एक स्वतः दाजी. दुसरा चंद्रा म्हात्रे, त्यांचा शाळेपासूनचा दोस्त, एसटीतून निवृत्त झालेला ड्रायव्हर. तिसऱ्या माधवी भोईर, शाळेत चित्रकला शिकवणाऱ्या. आणि चौथा कामतघरचा शफीक मोमीन, ज्याचे स्वतःचे बारा लूम होते आणि तरी त्यातला एक तो स्वतःच चालवायचा. दरवर्षी एक विषय, सहा महिने मुदत, दीड फुटाच्या आत आकार, आणि जानेवारीतल्या एका रविवारी गोदामाशेजारच्या शेडमध्ये सगळ्यांनी आपापलं काम मांडायचं.

"नंबर न्हाय, परीक्षक न्हाय, बक्षीस न्हाय," दाजींनी पहिल्या बैठकीत सांगितलं. "निव्वल मैत्री."

"मग आव्हान कशाचं?" माधवीबाईंनी विचारलं.

दाजींना ही शंका फार तांत्रिक वाटली. "मॅडम, बोर्ड रंगवून झालाय," ते म्हणाले.

पहिल्या वर्षी नियम चारच होते. विषय होता वज्रेश्वरीचं देऊळ. दाजींनी पायऱ्या मोजून, उतार काढून, पुठ्ठ्याचं चोख देऊळ केलं. माधवीबाईंनी देवळाबरोबर खाली गरम पाण्याची कुंडंही केली, आणि त्याखाली उकळत्या पाण्याचा डबा अशा हिकमतीनं बसवला की कुंडांतून खरोखर वाफ निघत होती. सगळं शेलार त्या वाफेभोवती. कुणी त्यात बोट घालून बघितलं, एका म्हातारीनं तर हात जोडले. दाजींच्या देवळापाशी फक्त चंद्रा उभा होता, आणि तोही तिथे टेकायला खांब होता म्हणून. चंद्रानं स्वतः एसटी केली होती. "वज्रेश्वरीला जाताना बसनंच जातात ना?" हा त्याचा युक्तिवाद.

दुसऱ्या वर्षी पाचवा नियम आला : मॉडेलमध्ये पाणी, वाफ, धूर नको. सहावा आला : विषय बसचा नसेल तर बस नको.

दुसऱ्या वर्षीचा विषय बैलगाडी. शफीकनं जुन्या धोट्याच्या लाकडाची चाकं केली. धोटा म्हणजे लूममध्ये दोरा घेऊन इकडून तिकडे पळणारा लाकडी तुकडा. वर्षानुवर्षं पळून तो आरशासारखा गुळगुळीत झालेला असतो. त्या चाकांवर गाडी फुंकर मारली तरी चालायची. दाजींची गाडी ढकलली तर तिरकी जायची आणि बैल मागे वळून मालकाकडे बघतायत असं वाटायचं. कुणी तरी चांगल्या मनानं एका बैलाची मान सरळ केली, तर ती हातातच आली. चंद्रानं बैलगाडी केली होती, नियमाप्रमाणे. फक्त तिला ओव्हरटेक करणारी लाल एसटी जरा मोठी होती.

"पुढं बस हाय ती विषयाची न्हाय, ट्रॅफिकची हाय," तो म्हणाला.

अशा रीतीनं नियम वाढत गेले. प्रत्येक जानेवारीनंतर जे कुणाचं काही उठून दिसलं असेल, त्यावर फेब्रुवारीत नियम व्हायचा. सून भावना मोबाईलवर टाईप करायची, दाजी सांगायचे, आणि छापलेला कागद शेडच्या भिंतीवर लागायचा. कारखान्यातलं लाकूड नको. चकाकणारा रंग नको. प्रेक्षकांनी हात जोडू नयेत, हाही एक होता. चौथ्या वर्षी संख्या तेवीस झाली आणि त्यातला अठरावा ठळक अक्षरात होता : दुसऱ्याच्या मॉडेलला कुणीही, कोणत्याही कारणानं, हात लावायचा नाही.

"नंबर न्हाय म्हनता," कमळाबाई एकदा म्हणाल्या, "तर दर वर्षी घरी येवन कपाल का बडवता?"

"हरलो म्हनून न्हाय बडवत. शिस्त न्हाय म्हनून बडवतो."

चौथ्या वर्षीचा विषय दाजींनी कुणाला न विचारता जाहीर केला : पॉवरलूम. आता आपलं घरचं मैदान, असं त्यांच्या मनात असावं. मैत्रीपूर्णच, पण आपलं. सहाच्या सहा महिने ते त्या लूमपाशी बसले. खेळण्यातली मोटर, खराखुरा सुती दोरा, बोटाएवढा धोटा. घरात पाहुणे आले तरी दाजींच्या तोंडात 'ताणा' आणि 'बाणा', म्हणजे उभे-आडवे दोरे, सोडून शब्द नाही. यंदाचं मॉडेल नुसतं दिसणार नव्हतं, ते कापड विणणार होतं. ठाण्याच्या त्या परीक्षक बाईंना निमंत्रण पाठवायचंही त्यांच्या मनात होतं, पण पत्ता मिळाला नाही.

रविवारी शेडमध्ये पन्नासेक माणसं जमली. माधवीबाईंनी लूम चालवणाऱ्या कारागिराचं पाठमोरं मॉडेल केलं होतं, घामानं पाठीला चिकटलेल्या बनियनसकट. शफीकनं बंद पडलेल्या कारखान्याचं केलं होतं. लूमवर धूळ, खिडकीत कबुतर. चंद्राच्या लूमशेजारी एसटी उभी होती. "शिफ्ट सुटलीय," तो कुणी विचारायच्या आत म्हणाला.

दाजींनी घसा साफ केला, चार वाक्यांचं भाषण केलं आणि बटण दाबलं.

मोटर घुरघुरली. धोटा एकदा गेला, एकदा आला. लोकांनी टाळ्या वाजवल्या. तिसऱ्या खेपेला धोटा निम्म्यात दोऱ्यांत अडकला आणि सगळं थांबलं. मोटर मात्र घुरघुरतच राहिली, मांजर मांडीवर असावं तशी.

दाजींनी बटण बंद केलं, चालू केलं. पुन्हा तेच. चष्मा पुसला. वाकून बघितलं. बावीस वर्षं शेकडो लूम बोटांच्या टोकांनी ओळखणारा माणूस, पण पन्नास माणसांसमोर तीच बोटं भलतेच दोरे ओढत राहिली. पहिल्या रांगेत शेजारच्या ठकुबाई बसल्या होत्या. ऐंशीच्या घरातल्या, मनानं निर्मळ.

"दाजी," त्यांनी हाक मारली, "चालू झाली का माज्या पोलक्याला दोन टिपा मारून देशील का रं?"

शेड हसली. दाजींचे कान लाल झाले.

शफीक पुढे आला, वाकला आणि त्याचे डोळे एका जागी थांबले. त्याला फॉल्ट दिसला होता. हे शेडमध्ये आणखी फक्त एका माणसाला कळलं, आणि तो म्हणजे दाजी.

"दाजीशेठ, मैं देखूँ? दोन मिनिटाचं काम हाय."

"रूल हाय," दाजी म्हणाले. आवाज त्यांचा त्यांनाच परका वाटला. "अठरा नंबर."

शफीकनं भिंतीवरच्या नियमांकडे बघितलं आणि दोन्ही हात पाठीमागे बांधले. माधवीबाईंनीही बांधले. बघता बघता सगळी शेड शाळेच्या प्रार्थनेला उभी असल्यासारखी हात बांधून दाजींचं धडपडणं बघत राहिली. शिस्त हवी होती ना, ती मिळाली.

"दाज्या," चंद्रा हळूच म्हणाला, "आमी बस बंद पडली तर पब्लिकला खाली उतरवून धक्का मारायचो. कुनी रूल न्हाय काढला."

दाजींनी मॉडेलवर चादर टाकली. "कार्यक्रम संपला," ते म्हणाले आणि निघून गेले. लोकांनी वडे खाल्ले, कारण ते तर केलेलेच होते.

घरी जाऊन दाजींनी आव्हानाचा व्हॉट्सॲप ग्रुप सोडला. ते एकटेच ॲडमिन होते, त्यामुळे पद आपोआप चंद्राकडे गेलं आणि ग्रुपच्या फोटोवर लाल एसटी आली. परत यायचा कुणी आग्रह करेल म्हणून दाजींनी आठवडाभर फोन उशाशी ठेवला. आग्रह आला नाही. माधवीबाईंचा फक्त एक निरोप आला, "दाजीभाऊ, तुमचे दोन डबे आणि कात्री शेडमध्ये राहिलीय."

"जावन बोला त्या शफीकशी," कमळाबाई म्हणाल्या. "तुमचं तोंड बघून दूध फाटायला लागलं."

"मी कशाला जाव?"

"मंग नका जाव. पन ती मशीन माज्या मशेरीच्या डब्यापुढून उचला."

दाजी उचलायला गेले, आणि मॉडेल हातात आलंच आहे तर, असं स्वतःला समजावत रस्त्यावर आले. मांडीवर लूम घेऊन रिक्षात बसले. रिक्षावाल्यानं आरशातून विचारलं, "चाचा, शिलाई मशीन रिपेरिंग?" दाजींनी हातानंच पुढे चल म्हणून खूण केली. आठवड्यापूर्वी असतं तर त्यांनी रिक्षा थांबवून बावीस वर्षांचा इतिहास सांगितला असता.

कामतघरला गल्लीत शिरल्याबरोबर तो आवाज अंगावर आला. बाहेरच्या माणसाला तो नुसता गोंगाट वाटतो. दाजींना कुठला लूम नीट चाललाय आणि कुठला कण्हतोय हे चालता चालता कळत होतं. शफीक कारखान्यात बनियनवर उभा होता. त्यानं दाजींकडे बघितलं, त्यांच्या हातातल्या मॉडेलकडे बघितलं, आणि हात पाठीमागे नेले.

"रूल?" त्यानं आवाज चढवून विचारलं. तिथे सगळंच आवाज चढवून बोलावं लागतं.

"तो रूल..." दाजी ओरडले. 'चुकला' हा शब्द त्यांच्या ओठापर्यंत आला आणि नेहमीच्या सवयीनं माघारी फिरला. "टाईप करताना भावनाची मिष्टेक झाली असंल!"

शफीक हसला नाही. ही त्याची मेहेरबानी. त्यानं बारीक पेचकस घेतला, मोटरजवळचं चाक काढलं, एक दात पुढे सरकवून परत बसवलं. चाक एक दात मागे बसलं होतं, इतकंच. कामावर पहिल्या महिन्यात असलेला पोरगाही करणार नाही अशी चूक. दाजी बघत होते. त्यांना वाटलं, आता हा म्हणेल. म्हणायलाच हवं, मी असतो तर म्हटलं असतं, गल्लीभर म्हटलं असतं.

"मोटर का लफडा है, दाजीशेठ," शफीक म्हणाला. "आजकल के मोटर में दम नहीं."

दाजींनी त्याच्याकडे बघितलं. मग चाकाकडे. "दात चुकला व्हता," ते म्हणाले, इतक्या हळू की बारा लूमच्या आवाजात ते कुणाला ऐकू जाणं शक्य नव्हतं.

"क्या?"

"काय न्हाय. चाय सांग."

चहा येईपर्यंत लूम चालला. मोठ्या लूमांच्या पायाशी तो वीतभर लूम खडखडत राहिला, आणि ज्यांची शिफ्ट चालू होती ते कारागीरही एकेक करून बघून गेले. एकानं विचारलं, "माप का है?" दुसऱ्यानं विचारलं, "बेचोगे?" शिलाई मशीन कुणीच म्हणालं नाही. तळहाताएवढं कापड झालं तेव्हा दोरा संपला.

ते कापड दाजींनी घरी आणून टीव्हीशेजारी मांडलं. कमळाबाईंनी दुसऱ्या दिवशी त्यानं मोबाईलची काच पुसली आणि म्हणाल्या, "चांगलं हाय, धागे सोडत न्हाय." चार वर्षांत मिळालेलं हे एवढंच परीक्षण दाजींनी मान खाली घालून स्वीकारलं.

मग चंद्रानं त्यांना ग्रुपमध्ये परत घेतलं, पण ॲडमिनपद काही सोडलं नाही. पुढल्या विषयाची बैठक दाजींच्या ओटीवर झाली. नियमांचा कागद कुणी आणला नाही आणि दाजींनीही मागितला नाही. एकदा त्यांचा हात खिशाकडे गेला, पण तिथून तंबाखूच निघाली. दोन तास वाद झाला. खाडीवरचा पूल, गोदाम, वीटभट्टी, चौघांचे चार विषय आणि प्रत्येकाला एकेक मत. शेवटी चहा घेऊन आलेल्या कमळाबाईंना माधवीबाईंनी विचारलं, "वहिनी, तुम्हीच सांगा."

"माजं सैपाकघर करा," त्या म्हणाल्या. "जसंच्या तसं. मापात."

पाच मिनिटांत तिघं पुरुष टेप घेऊन स्वयंपाकघरात उभे होते आणि माधवीबाई दारातून स्केच काढत होत्या. ओट्याची उंची कुणाला ठाऊक नव्हती, मोरीचा उतार कुणी बघितला नव्हता. भांड्यांच्या मांडणीपाशी येऊन दाजी थबकले. या घरात त्यांची साठ वर्षं गेली होती.

"कमळा," त्यांनी विचारलं, "ह्या मांडणीला खन किती हायेत?"

"मोजा," कमळाबाई म्हणाल्या आणि त्यांना बाजूला सरकवून कुकर चढवला.