पाण्याखालचा उंबरा

बारामती सोडली तेव्हाच माझी कंबर ‘परत फिरा’ म्हणत होती. पण पणदऱ्याहून घेतलेली पंचाहत्तरीची मावशी मागच्या सीटवर ताठ बसलेली. मग पन्नाशीच्या भाच्यानं कुठल्या तोंडानं कुरकुरायचं?

तिचं माहेर इंदापूर तालुक्यातलं, उजनीच्या फुगवट्यात (धरणामागं पसरलेल्या पाण्यात) गेलेलं. उन्हाळ्यात पाणी ओसरलं की देवळाचं शिखर वर येतं, घर मात्र कधीच नाही. लेकीनं मला पाण्यात चालणारा कॅमेरा दिला होता, त्यात मी आजवर बादलीत बुडवलेला स्वतःचा हात तेवढा टिपला होता. तरी कॅमेऱ्याचं ऐकून मावशी म्हणाली, “बाळ्या, आमचा उंबरा दाव. एकदा बघितला की झालं.”

काठावर ऊन भाजत होतं. होडीवाले तात्या कॅमेरा निरखून म्हणाले, “येवढुसा? मासा गिळंल की वो ह्येला!”

नवी वस्तू पूजेवाचून वापरायची नाही, म्हणून मावशीनं पिशवीतून डबी काढून कॅमेऱ्याला कुंकू लावलं, नारळ फोडला. मी कॅमेरा काठीला बांधला आणि आम्ही निघालो. शिखराकडं बघत मावशी हात करत होती, “आनखी डावीकडं… बास.” मी होडीत पालथा पडून काठी पाण्यात धरली. खांदे भरून आले. काठावर येऊन मोबाइलवर पाहिलं, तर सगळीकडं तांबडं धुकं.

मी काच पुसली. बोट तेलकट लाल. तेलात कालवलेलं कुंकू मावशीनं नेमकं काचेवर लावलं होतं!

“त्येला कपाळ कुठं हाय?” ती फणकारली. “म्या आपलं मधोमध लावलं.”

“मावशी, उद्या येऊ,” मी म्हणालो.

“उद्या? पावसाळा तोंडावर आलाय. फुडल्या उन्हाळ्याचं मी न्हाय सांगत.”

टपरीतलं चिलापीचं (इथल्या माशाचं) कालवण आणि भाकरी खाऊन पुन्हा होडीत. या खेपेला दिसलं: हिरवट पाणी, गाळ, आणि एक लांबट दगड, मधे खळगा पडलेला.

“सापडला!” मी ओरडलो.

मावशीनं फोन डोळ्यांशी नेला. बराच वेळ.

“ह्यो आमचा न्हाय. शेजारच्या चंद्रीचा हाय. हितं बसून आमी चिंचोकं फोडायचो, त्येचा खळगा.”

सूर्य कलला होता. तात्यांनी होडी बांधली. माझे हात वर होत नव्हते, मीही ‘आणखी एकदा’ म्हणालो नाही. दिवसभर राबून दुसऱ्याच्याच दारात पोचायचं, हे माझ्या सगळ्या प्रवासांचं सार.

इंदापूर मागं पडलं. मग मावशी म्हणाली, “चंद्रीला धाड ते.” चंद्रामावशी आता बारामतीत लेकाकडं, गुडघ्यांनी घरात बसवलेली. पाठवलं. थोड्या वेळानं तिचाच फोन आला.

“सरू, अगं माझा उंबरा! आन् तुझा?”

“न्हाय गावला.”

“मग माझ्या उंबऱ्यावर बस की. तवा तरी आपल्या घरात कुठं टिकायचीस?”

मावशी हसली, पदरानं डोळे पुसले. फोन मला देत म्हणाली, “बाळ्या, पणदऱ्याला उद्या जाऊ. गाडी चंद्रीकडं घे.”